आधी संसार, मग लग्न
जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली जोडपी पुष्कळदा आधी संसार थाटतात. लग्नविधी गाठीशी पैसा आल्यावर होतो, कधी पोरंबाळं झाल्यावरही. तो लावते धवलेरी, गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. घरातल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आत पालघाट देवी.

या उशिराला बेफिकिरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पूर्वी लग्नापायी कर्ज काढणारा वारली सावकाराच्या घरी राबायला बांधला जाई, बहुधा बायकोसकट. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. माया जडल्याची किंमत अशी मोजावी लागे. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेने याच वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभं केलं.