जयंतीचे चॉकलेट घेताना पाकीट उलटून पाहा

14 एप्रिल जवळ आला की वस्तीत वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागतात. निळ्या पताका, मिरवणूक, भोजनदान असा सगळा हिशेब मांडून होतो आणि शेवटी कुणीतरी म्हणते, "पोरांना वाटायला चॉकलेटच्या चार बरण्या आणा." कोणत्या आणायच्या, हे कुणी विचारत नाही. मग होलसेलवाला देईल ती सर्वांत स्वस्त बरणी येते आणि विहारात वंदना झाल्यावर तीच आपल्या लेकरांच्या हातात पडते. पैसा आपल्या घामाचा, पोट आपल्या मुलांचे. मग पाहून का घेऊ नये?

पहिला गैरसमज उन्हाचा. "हे चॉकलेट उन्हातही विरघळत नाही, म्हणजे चांगले," असे अनेकांना वाटते. खरे चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनते. त्या बियांत जी चरबी असते तिला कोको बटर म्हणतात. ते साधारण 34 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून खरे चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते. एप्रिलच्या उन्हात ते खिशातही टिकत नाही. स्वस्त मालात कोको बटरऐवजी बऱ्याचदा वनस्पती तूप किंवा पामचे तेल असते. त्याला कंपाउंड म्हणतात. ते चावताना मेणासारखे लागते आणि टाळूला चिकटून राहते. तेव्हा उन्हात टिकणे ही चांगल्या मालाची खूण समजू नका.

दुसरी खूण पाकिटाच्या मागे असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. 'शुगर' पहिले, पाठोपाठ 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' आणि कोको कुठेतरी शेवटी, असे असेल तर ती चॉकलेटच्या रंगाची साखर आहे. 'कोको सॉलिड्स', 'कोको बटर', 'मिल्क सॉलिड्स' हे शब्द वरच्या जागी असतील तर माल बरा. 'चोको' किंवा 'चॉकलेटी' एवढ्याच शब्दांवर भुलू नका.

एक-दोन रुपयांच्या लहान वेष्टनावर घटकांची यादी छापण्यातून सूट असते. पण ती माहिती बरणीवर किंवा मोठ्या पाकिटावर असलीच पाहिजे. म्हणून सुटे चॉकलेट घेऊ नका, बंद बरणी मागा. तिच्यावर 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचे ते पाहा. नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदललेले दिसले तर ती नक्कल आहे. शंका आली तर पक्के बिल घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. "या वस्तीत काहीही खपते" असे समजणाऱ्याला हेच उत्तर आहे.

ही अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात. खरेदीला जाताना सातवी-आठवीतली मुलगी सोबत न्या आणि तिला वाचायला लावा. शिकण्याचा उपयोग दुकानातही होतो.

चॉकलेटवर पांढरट थर दिसला तर लगेच फेकू नका. ऊन लागून पुन्हा थंड झाले की आतली चरबी वर येते. चव थोडी बिघडते, पण अपाय नसतो. मात्र केसाळ बुरशी, कुबट किंवा खवट वास, फाटलेले वेष्टन असेल तर ते खाऊ नका.

चांगले चॉकलेटसुद्धा गोडच असते. 100 ग्रॅममध्ये 60 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 10 ग्रॅमच्या तुकड्यात 6 ग्रॅम, म्हणजे दीड चमचा साखर आली. म्हणून मूठभर स्वस्त गोळ्या देण्यापेक्षा प्रत्येकाला एकच चांगला तुकडा द्या. खर्च फारसा वाढत नाही. खाल्ल्यावर चूळ भरायला लावा, रात्री दात घासूनच झोपवा. पाच वर्षांखालच्या मुलांना कडक, गोल गोळ्या देऊ नका; घशात अडकतात. घरातल्या मधुमेही आजी-आजोबांना आग्रह करू नका. बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटपर्यंत छळले, हे आपण जाणतोच.

बरणी आदल्या दिवशी आणा, पत्र्याखाली न ठेवता घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. वाटप भर दुपारच्या मिरवणुकीत करण्याऐवजी संध्याकाळी वंदनेनंतर करा.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात: या आणि स्वतः पाहा. कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. ही सवय विहाराच्या पायरीवर सोडून येण्याची नाही. या जयंतीला ती दुकानात घेऊन जा.

जय भीम!