पवना समुद्राकडे पाठ कां फिरवते?

माझी उभी हयात शाळेंत भूगोल शिकविण्यांत गेली. एकदां चिंचवडास पवनेच्या घाटावर मुलांना घेऊन गेलों असतां एकानें विचारलें, “गुरुजी, ही नदी लोणावळ्याच्या दक्षिणेस उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ. मग त्याकडे पाठ फिरवून मुळा, भीमा, कृष्णा यांच्या सोबतीनें थेट बंगालच्या उपसागरापर्यंत एवढी पायपीट कशासाठीं?” “सह्याद्रीची भिंत आड येते म्हणून,” असें मीं सांगितलें. मुलगा गप्प बसला. परंतु उत्तर अपुरें आहे हें मला ठाऊक होतें. आज तें पुरें करण्याचा विचार आहे.

सर्वच पर्वत एका रीतीनें घडत नाहींत. हिमालय दोन भूखंडांच्या रेटारेटींत वर चढला. भूकवचास दाब बसला व त्यास घड्या पडल्या. सह्याद्रीची कथा नेमकी उलट, म्हणजे ताणाची आहे. भूकवच दोन्हीं बाजूंनीं ओढलें गेलें कीं खोलांतील तापलेला खडक मळलेल्या कणकेसारखा लांबत जाऊन पातळ होतो. पण वरचा थंड खडक वाळलेल्या भाकरीसारखा तुटतो. मग भेगेची एक बाजू खालीं सरकते व दुसरी उंच राहते. यासच प्रस्तरभंग म्हणतात.

आपल्या पायांखालचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचा आहे. चाकणला कारखान्याचा पाया खणतांना लागतो तो, आणि घोरावडेश्वराच्या डोंगरांत प्राचीन कारागिरांनीं लेणीं कोरलीं तोही, हाच. आज त्याचा उरलेला विस्तारच सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. त्याचे थर एकावर एक रचलेल्या सतरंज्यांप्रमाणें आडवे पसरले.

पुढें, सुमारे ६ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वीं, पश्चिमेकडील ताण एवढा वाढला कीं भूखंडाचा एक तुकडाच फाटून निघाला. हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांचा ग्रॅनाइटी पाया हाच तो तुकडा होय. मधल्या जागेंत नवा सागरतळ निर्माण झाला आणि फाटलेली किनार पायरीपायरीनें खचली. पठारावर आडवे असणारे थर पनवेलच्या आसपास पश्चिमेस कलंडलेले दिसतात, तो या खचण्याचाच पुरावा. वज्रेश्वरीपासून राजापुरापर्यंत कोंकणांत ऊन पाण्याचे झरे रांगेनें आहेत. तेथें खोल भेगांतून तापलेलें पाणी वर येतें.

येथें एक कबुली देतों. नागफणीवर उभें राहून खालचें कोंकण दाखवीत “हा कडाच ती मूळ भेग” असें मीं कित्येक वर्षें शिकविलें. तें चूक होतें. मुख्य भेगा बहुतांशीं पश्चिमेस, किनाऱ्यालगत व समुद्राखालीं आहेत. कोंकणांतील आंखूड, वेगवान नद्यांनीं आणि पावसानें झिजवीत झिजवीत कडा पूर्वेकडे मागें रेटला, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. झिजेनें भार उतरला तशी ही किनार, माल उतरविलेल्या होडीप्रमाणें, वर उचलली गेली आणि पठारास पूर्वेकडे उतार राहिला. पवना भिंतीला भिऊन वळत नाहीं. ती त्या उतारावरच जन्मते.

ही विद्या केवळ परीक्षेपुरती नाहीं. कड्याची हीच उंची हेरून १९१५ सालीं खोपोलीस वीजघर सुरू झालें. लोणावळ्याच्या तलावांतील जें पाणी एरव्हीं पूर्वेस, आपल्याकडे आलें असतें, तें घाटाखालीं पडून मुंबईस वीज देऊं लागलें. आणि ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटें कोयनानगर हादरलें व सुमारे १८० माणसें दगावलीं. तो भूकंप ताणाचा नव्हता. तेथें खडक आडवे सरकले, आणि जलाशयाच्या पाण्यानें त्यास निमित्त दिलें, असें शास्त्रज्ञ मानतात. तथापि कातळाखालच्या जुन्या भेगा अद्याप निद्रिस्त नाहींत, एवढें त्यानें शिकविलें.

तेव्हां पिंपरी-चिंचवडास नव्यानें घर केलेल्या कुटुंबांनीं पुढच्या खेपेस बोरघाट चढतांना खिडकींतून कड्याचे थर अवश्य न्याहाळावेत. आणि घरच्या मुलानें नदीविषयीं प्रश्न विचारलाच, तर “भिंत आड येते” एवढ्यावर त्याची बोळवण करूं नये. मीं ती केली होती.