कंपवाताचे निदान आणि मेंदूची दोन चित्रे

हातापायांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मंदता ही लक्षणे एकत्र आढळली की त्यांस कंपवात असे नाव दिले जाते. परंतु या नावाखाली एकच रोग असतो असे नाही. पार्किन्सनचा रोग, मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी आणि प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हे तिन्ही प्रारंभी एकमेकांसारखे भासू शकतात. हॅलोपेरिडॉल अथवा मेटोक्लोप्रमाइड यांसारख्या औषधांनीही तशीच अवस्था उत्पन्न होते. मात्र औषध थांबविल्यावर ती बहुधा ओसरते. लेव्होडोपाचा गुण पार्किन्सनच्या रोगात दीर्घकाळ येतो, इतर दोहोंत तो अल्प असतो. सारांश, निदानाचा प्रश्न केवळ नामकरणाचा नव्हे.

स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागात डोपामीनची तूट असते, हे एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी व्हिएन्ना येथे १९६० साली मृत रोग्यांच्या मेंदूंवरून दाखविले. जिवंत मेंदूतील डोपामीनचे चित्र कॅनडातील हॅमिल्टन येथे गार्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. आज त्यासाठी टेक्नेशियमयुक्त ट्रोडॅटही वापरतात. ते डोपामीनवाहक तंतूंच्या टोकांस चिकटते. निरोगी मेंदूत त्याची आकृती दोन स्वल्पविरामांसारखी उमटते. रोगात पुटामेनचा मागील भाग, म्हणजे स्वल्पविरामाची शेपटी, प्रथम पुसट होते. पुढे केवळ टिंब उरते. औषधजन्य अवस्थेत आकृती सामान्यतः शाबूत राहते. परंतु वरील तिन्ही रोगांत ती बिघडत असल्यामुळे त्यांतील भेद या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही.

तेथे दुसरे चित्र उपयोगी पडते. फ्लुओरिन-१८ जोडलेली ग्लुकोजसदृश शर्करा पेशी किती शोषितात, यावरून चयापचय कळतो. पार्किन्सनच्या रोगात मध्यमस्तिष्काकडून येणारे तंतू नष्ट होतात, पण पुटामेनच्या स्वतःच्या पेशी जिवंत असतात. म्हणून तेथील चयापचय टिकतो, क्वचित वाढतोही. मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफीत त्या पेशीच मरतात, आणि पुटामेन व अनुमस्तिष्क मंदावतात. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीत मध्यमस्तिष्क व ललाटखंडाचा मध्यवर्ती भाग मंदावतो.

या तपासण्यांची सोय अंतरावरही अवलंबून असते. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली कार्यान्वित झाला. फ्लुओरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे, तर टेक्नेशियम-९९एमचे सहा तास. मुंबईहून निघालेले फ्लुओरिन वाटेत दोन तास खोळंबले, तर त्याची निम्म्याहून कमी किरणोत्सारिता उरते. यास्तव चऱ्होलीसारख्या गावच्या रोग्यास शहरी पाठविण्यापूर्वी कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे, हे ठरविणे अगत्याचे होय. कंप औषधाचा की रोगाचा, असा संशय असेल तर पहिले चित्र. रोग कोणता, असा असेल तर दुसरे. दोन्ही चित्रे रोग्याच्या प्रत्यक्ष परीक्षेला पूरक आहेत. तिची जागा ती घेऊ शकत नाहीत.