आश्विनांतील एक मोकळा दिवस

चाकरींत असतां आश्विन महिना आम्हांस कागदांवरच दिसे. गांवोगांवची पैसेवारी उतरवितां बाजरी कधीं काढली, ज्वारी कधीं पेरली, याचा पत्ता नसे. निवृत्तीनंतर दसऱ्यापुढचा एक अख्खा दिवस हातीं आला आणि आम्ही नागापुरास सीनेच्या कांठानें निघालों.

औद्योगिक वसाहतीनें तेथील पुष्कळ शिवार घेतलें आहे. तरी उरलेल्या रानांत तुरीस पिवळीं फुलें आलेलीं, बांधावरच्या सीताफळास डोळा पडलेला. एका ओळखीच्या शेतकऱ्यानें पाभर थांबवून मूठभर काळी माती आमच्या हातीं दिली. दाबली तों तिचा लाडू वळला. हस्ताची ओल एवढी असल्यावर मालदांडीची उगवण कशी होते, हें वाचकांस आम्हीं काय सांगावें!

“भाऊसाहेब, हिची पैसेवारी किती धराल?” त्यानें हंसून विचारलें.

पन्नास पैशांच्या वर कीं खालीं, एवढ्यावर गांवची साऱ्याची सवलत ठरे. आणि तो आंकडा आम्हीं कितीदां तरी माती न पाहतां उतरविला होता. उत्तर सुचलें नाहीं. त्यानेंच दोन सीताफळें आमच्या ओंजळींत ठेविलीं व पुन्हां पाभर धरली. बांधावर बसून, बिया टाकीत, दिवस कलेपर्यंत आम्ही ती पेरणी पाहत राहिलों.