‘गॅस संपलाय’ म्हणण्यापूर्वी : घरातला फ्रीज आधी ओळखा



ऊस लागण, खोडवा आणि पाणीपाळी यांवर या पत्रिकेत आपण नेहमी वाचता. या अंकात मात्र घरातल्या एका यंत्राविषयी लिहीत आहोत. आज सभासदांच्या घरोघरी फ्रीज आहे. शिवाय आपली पुष्कळ मुले नोकरीधंद्यासाठी ठाणे, डोंबिवली, कल्याणला स्थायिक झाली आहेत, तिथेही तो आहेच. बिघडला की मेकॅनिक येतो, ‘गॅस संपलाय’ म्हणतो, पैसे घेतो आणि जातो. चार महिन्यांनी पुन्हा तेच. हे थांबावे म्हणून हा लेखनप्रपंच. पण त्याआधी एक हकिकत ऐका, म्हणजे प्रश्न केवळ पैशांचा नाही हे ध्यानी येईल.

डोंबिवलीची हकिकत

आमच्या गटातले एक ज्येष्ठ सभासद आणि वहिनी गळीत हंगाम आटोपल्यावर मुलाकडे डोंबिवलीला गेले. वहिनींना मधुमेह, रोज इन्सुलिन लागते. मुलाने नवा संसार मांडताना जुन्या सामानाच्या दुकानातून एक उंच, पांढरा, एका दाराचा फ्रीज घेतला होता. दिसायला कपाटासारखा, कंपनी चांगली, किंमत बेताची. पण पहिल्या दिवसापासून तक्रार एकच. दुधाचा दगड व्हायचा, कोथिंबीर काळी पडायची, पाण्याच्या बाटल्या फुटायच्या. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्याने गॅस काढून नवा भरला. दोघांचे मिळून साडेतीन हजार गेले, बिल कुणीच दिले नाही, आणि दुधाचा दगड व्हायचा तो होतच राहिला.

पंधरा दिवसांत वहिनींची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “काकू, इन्सुलिन ठेवता कुठे?”

“फ्रीजात की, बाई. सकाळी काढलं की बर्फ झालेलं असतंय. जरा वेळ बाहेर ठेवते, मग घेते.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. एकदा गोठले की ते निकामी होते. वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी टोचून घ्यायचे नाही, टाकून द्यायचे. वहिनी पंधरा दिवस निकामी औषध घेत होत्या. नवे औषध वेळेवर सुरू झाले आणि त्या सावरल्या, हे नशीब.

त्याच सुमारास आमच्यापैकी दोघांना मुंबईचे काम निघाले. कल्याणला गाडी सोडली, लोकल धरली, ठाकुर्ली गेले की डोंबिवली. मुलाच्या घरी जाऊन ते यंत्र भिंतीपासून ओढले आणि मागची नेमप्लेट पुसून वाचली. त्यावर स्पष्ट लिहिले होते : फ्रीझर, उणे १८ अंश. म्हणजे तो फ्रीज नव्हताच! मटार, मासे, आइस्क्रीम गोठवून ठेवायचा तो उभा फ्रीझर होता. त्यात काहीही बिघाड नव्हता. दूध गोठवणे हेच त्याचे काम, आणि ते तो इमानेइतबारे करत होता.

बेणे ओळखल्याशिवाय आपण सरी सोडत नाही. को ८६०३२ आहे की दुसरे काही, हे पाहूनच लागण आणि तोडीचा हिशेब धरतो. मग घरातल्या यंत्राची जात ओळखल्याशिवाय त्याची दुरुस्ती कशी करायची?

जात कशी ओळखावी?

साध्या फ्रीजला वर किंवा खाली बर्फाचा एक वेगळा कप्पा असतो. बाकीच्या भागात भाजीचा खण, अंड्यांची खाच, दारात बाटल्यांची जागा असते. उभ्या फ्रीझरमध्ये यातले बहुधा काही नसते. वरपासून खालपर्यंत खण किंवा फळ्या असतात, आणि पुष्कळदा त्या फळ्यांमधूनच थंड नळ्या फिरवलेल्या असतात. वरून झाकण उघडणारी आइस्क्रीमवाल्याची पेटी तर सर्वांच्या ओळखीची आहे.

खात्रीसाठी एक परीक्षा. पेल्यात पाणी घेऊन मधल्या फळीवर ठेवा, बटण सर्वांत कमीवर फिरवा आणि रात्रभर राहू द्या. साधा, धडधाकट फ्रीज असेल तर सकाळी पाणी गार मिळेल. सगळ्या फळ्यांवर बर्फ झाला तर यंत्र फ्रीझर असण्याचा दाट संभव आहे. मग नेमप्लेट वाचा.

नेमप्लेट कशी वाचावी?

पंपाच्या मोटारीची नेमप्लेट आपण वाचतोच. तशीच पाटी फ्रीजच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर किंवा मागे, कॉम्प्रेसरजवळ असते. तिच्यावर मॉडेल व अनुक्रमांक, लिटरमध्ये मावण, व्होल्ट, अँपिअर, आणि गॅसचे नाव व वजन असते. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. सुटा भाग मागवताना दुकानदार हेच विचारतो.

व्होल्टचा आकडा २२० ते २४० हवा. परदेशातून कुणी ११५ व्होल्टचे यंत्र पाठवले तर ते आपल्या प्लगला थेट लावू नये, जळेल.

पाटीवर किंवा कप्प्याच्या दारावर लहान तारे असतात. ते थंडीचे तारे. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. दारावरच्या मोठ्या कागदावरचे पाच तारे मात्र वेगळे. ते वीजबचतीचे. ही पद्धत आपल्या देशात २००६ साली सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना २०१० पासून सक्तीची झाली. दोन्ही ताऱ्यांची गल्लत करू नये.

गॅसच्या नावावरून यंत्राचे वयही कळते. आर-१२ असेल तर यंत्र फार जुने. हा वायू आकाशातल्या ओझोन थराला अपाय करतो. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला; भारत या करारात १९९२ साली सामील झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. हा ज्वालाग्राही आहे, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. त्याच्या नळ्यांजवळ काडी, शेगडी, वेल्डिंगची ज्योत नेणे धोक्याचे. ज्या यंत्रात जो गॅस, तोच त्यात भरायचा.

गॅस ‘संपतो’ का?

आपल्या कारखान्यातले इव्हॅपोरेटर आठवा. उघड्या कढईत रस शंभर अंशांच्या वर उकळतो. पण शेवटच्या बॉडीत व्हॅक्यूम असल्यामुळे तोच रस ५५-६० अंशांना उकळतो. दाब कमी केला की उकळण्याचे तापमान उतरते. फ्रीजमध्येही इव्हॅपोरेटर आणि कंडेन्सर हेच दोन भाऊ आहेत. आर-१३४ए हा द्रव साध्या हवेच्या दाबालाच उणे २६ अंशांना उकळतो. उकळताना तो आतल्या अन्नाची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून मागच्या जाळीत ढकलतो, तिथे उष्णता बाहेर पडते, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि फेरा चालू राहतो.

सगळा फेरा बंद नळीतला. डिझेलसारखे यात काहीच जळत नाही, म्हणून गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी फुटली आहे किंवा झिरपते आहे. ते भोक शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडण्यासारखे. मेकॅनिकला एवढेच विचारा : “गळती कुठे सापडली ते दाखवा.”

लक्षणे आणि उपाय

काहीच चालत नाही, दिवाही नाही : त्याच प्लगला टेबललॅम्प लावून पाहा. लॅम्पही लागला नाही तर दोष प्लगात, फ्यूजात किंवा स्टॅबिलायझरमध्ये. फ्रीज निर्दोष.

दिवा लागतो, पण ‘हूं’ करून ‘टक्’ आवाज येतो आणि बंद पडतो : बहुधा व्होल्टेज कमी आहे किंवा कॉम्प्रेसरचा रिले गेला आहे. गावाकडे लाईन आली की सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात, तेव्हा हे हमखास होते. फ्रीज बंद ठेवा, व्होल्टेज मोजा, स्टॅबिलायझर लावा. वीज येऊन-जाऊन करत असेल तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे थांबा.

सारखा चालतो, पण गारवा कमी : दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर रबर सैल आहे. रबर कोमट पाण्याने पुसा, न जमल्यास बदला. मग मागची जाळी पाहा. कारखान्याच्या आसपासच्या घरांत बगॅसची काजळी जाळीवर बसते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. हे सारे ठीक असूनही थंड नळ्यांच्या थोड्याच भागावर बर्फ धरत असेल आणि बाकीची नळी कोरडी असेल, तर मात्र गॅस गळल्याचा संशय घ्यावा.

बर्फाचे थर चढतात : दार नीट लागत नाही किंवा सारखे उघडले जाते. बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा थर झाला की यंत्र बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. आतला पातळ पत्रा फुटला की गॅस गेला आणि यंत्रही गेले.

खाली पाणी साचते : आतले पाणी बाहेर जाण्याचे बारीक भोक तुंबले आहे. कोमट पाण्याने मोकळे करा.

बाजू गरम लागतात, दाराला घाम येतो : पुष्कळ मॉडेलांत कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड असतो, म्हणून बाजू गरम लागतात. ठाणे-डोंबिवलीच्या दमट हवेत पावसाळ्यात दाराला घाम येणारच. हे बिघाड नव्हेत.

वीज गेली किंवा पूर आला तर

वीज गेल्यावर दार उघडू नये. बंद फ्रीजचा गारवा सुमारे चार तास टिकतो. पूर्ण भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास, निम्मा भरलेला चोवीस तास धरतो.

२६ जुलै २००५ ला कल्याण परिसरात आणि २०१९ व २०२१ साली कृष्णा-पंचगंगेच्या काठी अनेकांची घरे पाण्यात गेली. पाण्यात बुडालेला फ्रीज वरून वाळला म्हणून सुरू करू नये, शॉक बसेल. जाणकाराने तपासल्यावरच प्लग लावावा. आतले अन्न व औषध टाकून द्यावे.

शेवटी एवढेच

मेकॅनिक आला की काढलेला भाग परत मागा आणि बिल घ्या. त्यावर भागाचे नाव, भरलेल्या गॅसचे नाव व वजन लिहून घ्या. बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागणे सोपे जाते. जिल्हा ग्राहक आयोग ठाण्यात आहे, तसा आपल्याही जिल्ह्यात आहे. सगळेच मेकॅनिक लबाड नसतात. मन लावून काम करणाऱ्याला हे प्रश्न विचारले तर तो रागावत नाही, उलट खूश होतो.

डोंबिवलीचा तो फ्रीझर मुलाने ओळखीच्या मासळीविक्रेत्याला दिला. तिथे तो झकास चालतो आहे. घरी आता लहानसा साधा फ्रीज आहे आणि वहिनींचे इन्सुलिन त्याच्या मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्यापासून दूर असते. ज्यांच्या घरी असे औषध आहे त्यांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी उठावे आणि ते नेमके कुठे ठेवले आहे ते पाहून यावे, ही विनंती.

— संपादक मंडळ