मिठाचं दार

शिरोड्याच्या मिठागरात उन्हाळ्यात जरा वेळ उभं राहिलं, की कळतं, सगळा खेळ दाराचा आहे. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं आणि दार लावायचं. पुढचं काम ऊन करतं. 1930 च्या मे महिन्यात याच मिठासाठी इथे सत्याग्रह झाला, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. या मिठातला सोडियम आपल्या अंगातही अशाच दारांतून आत येतो, हे मात्र मला फार उशिरा कळलं. तेही दाढ काढताना.

डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली, पाच मिनिटं थांबले आणि चिमटा हातात घेऊन विचारलं, “आता काय लागता?” ओठ असा जड झाला होता की साधं “नाय”सुद्धा धड म्हणता येईना.

ते औषध लिग्नोकेन. 1943 मध्ये स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते पहिल्यांदा बनवलं. आपल्या पेशींच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापट तरी जास्त असतो आणि पेशीच्या पातळ भिंतीत त्याच्यासाठी खास दारं असतात. मज्जातंतूतलं असं दार उघडतं ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरतं. तेवढ्यात हजारो कण आत घुसतात आणि ठणका मेंदूकडे निघतो. लिग्नोकेनची हुशारी अशी, की ते भिंतीतून झिरपून पेशीत शिरतं आणि दार आतल्या बाजूनं अडवून बसतं. मिठागराच्या रखवालदारालाही असं कधी सुचलं नसेल.

सोडियमची ही दारं स्तनाच्या कर्करोगाच्या कितीतरी पेशींवरही सापडली. ठणका वाहून न्यायचं काम ज्यांना नाही, त्यांना ही दारं हवीत कशाला? प्रयोगशाळेत दिसलं ते असं: सोडियम आत येत राहिला, की या पेशी शेजारच्या मांसात घुसायला चपळ होतात, दार अडवलं, की मंदावतात.

आमच्याकडे घरात कुणाला कर्करोग निघाला, की लोक “टाटाक व्हरूक व्हयां” एवढंच म्हणतात आणि पुढे कुणी काही विचारत नाही. मुंबईतल्या परळच्या त्याच टाटा स्मारक केंद्रातले सर्जन डॉ. राजेंद्र बडवे अनेक वर्षं एका प्रश्नामागे होते. गाठ काढताना ती हाताळली जाते, दाबली जाते, भोवतीच्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. नेमक्या त्या वेळात काही पेशी सुटून दूर जात असतील, तर? आणि त्या सुटण्याआधीच त्यांना जागच्या जागी बधिर केलं, तर?

2011 पासून देशातल्या 11 केंद्रांत हे तपासलं गेलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, शस्त्रक्रियेआधी केमो न घेतलेल्या स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. दोन्ही गटांना पूर्ण भूल तीच, शस्त्रक्रिया तीच आणि नंतरचे उपचारही तेच. फरक एवढाच, की एका गटात चाकू लावण्याच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन टोचलं. मात्रा वजनावर, किलोमागे जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम. 50 किलोच्या बाईला ते साधारण 45 मिलिलिटर होतं. पाव कपही नाही.

1,583 जणींचे निकाल एप्रिल 2023 मध्ये छापून आले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी 82.6 टक्के स्त्रियांमध्ये आजार परतला नव्हता. घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण 86.6 टक्के होतं. हयात होत्या अनुक्रमे 86.4 आणि 90.1 टक्के. शंभरांत तीन-चार जणी. आकडा लहान वाटतो, पण त्यातली एक आपल्या घरातली असली, की तो लहान राहत नाही.

मग भूल बदलली की कर्करोग हटतो, असं म्हणायचं का? मुळीच नाही. 2019 मध्ये आठ देशांतल्या 2,108 स्त्रियांवरचा असाच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे पाठीच्या कण्याजवळची नस बधिर करून सोबत प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देणं आणि नेहमीची वायूची भूल यांची तुलना होती. आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सुमारे दहा टक्के. माझ्या मते फरक जागेचा असावा. तिथे औषध कण्यापाशी होतं, इथे थेट गाठीच्या उंबरठ्यावर.

टाटाच्या प्रयोगातही सर्जनना कुणाला इंजेक्शन दिलंय हे माहीत होतं, आणि हा निकाल फक्त स्तनाच्या कर्करोगापुरता आहे. दुसऱ्या देशांत तो पुन्हा तपासून पाहायलाच हवा. पण औषध स्वस्त आहे, पाऊणशेहून जास्त वर्षं वापरातलं आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं. घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरत असेल, तर ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, सर्जनच्या पहिल्याच भेटीत विचारा: गाठीभोवती लिग्नोकेन देणार आहात का?