जुन्या मोटारीच्या चाकाची टोपी : काढायची कशी, बसवायची कशी



सहावीच्या विज्ञानात 'साधी यंत्रे' शिकवताना आपण फळ्यावर सी-सॉ काढतो, कात्री काढतो, अडकित्ता काढतो. मुलं टेकू, भार, बल पाठ करतात आणि पेपरात लिहितातही. पण तरफेने जोर किती पटीने वाढतो हे हाताला कळलेलं नसतं. ते कळावं म्हणून आज एक वेगळी वस्तू घेऊ या : जुन्या मोटारीच्या चाकाच्या मधोमध बसवलेली चकचकीत गोल टोपी. हिला हबकॅप किंवा व्हीलकॅप म्हणतात. तुमच्या घरी किंवा ओळखीत एखादी जुनी ॲम्बॅसेडर उभी असेल तर उत्तमच.

ॲम्बॅसेडर ही मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं उत्पादन पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात २०१४ पर्यंत चालू होतं. आता कारखाना बंद, त्यामुळे कारखान्यातून नवी टोपी येणार नाही. जुन्या बाजारात शोधायची, आणि मिळाली तरी चारही जुळतील याची खात्री नाही. म्हणून ही टोपी वाकवून चालत नाही, आणि मुलांना हात लावायला देण्याआधी आपल्याला ती नीट समजलेली हवी.

आता गंमत बघा. या टोपीला एकही स्क्रू नसतो, नट नसतो. मग ती ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या चाकावर टिकते कशी? मॉरिसच्या जुन्या गाड्यांत चाकाच्या पत्र्यावर बटणासारखे तीन उंचवटे असतात. टोपीची आतली कड या तीन बटणांना कवेत घेईल त्यापेक्षा किंचित लहान असते. दाबली की कड क्षणभर ताणते, बटण ओलांडते आणि पुन्हा मूळ आकाराला येऊन घट्ट धरते. म्हणजे सगळा कारभार पत्र्याच्या स्थितिस्थापकतेवर आणि घर्षणावर चाललेला असतो. काही गाड्यांत बटणांऐवजी चाकाला स्प्रिंगच्या क्लिपा असतात, तत्त्व तेच.

काढताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून विटा लावलेल्या. टोपी काढायला जॅक लागत नाही, आणि मुलं आसपास असताना गाडी जॅकवर चढवूच नका. गाडी नुकती चालवून आणली असेल तर थोडं थांबा. ब्रेकमुळे चाकाचा मधला भाग चांगलाच तापलेला असतो.

आधी टोपीची कड ओल्या फडक्याने स्वच्छ करा. कडेत माती आणि गंज बसलेला असतो, आणि पुष्कळदा टोपी बटणांपेक्षा या गंजानेच जास्त धरून ठेवलेली असते. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं वाट पाहा. तेल फडक्याने टिपून घ्या.

मग रुंद, चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळा. टोक टोपीच्या कडेखाली सरकवा. स्क्रू ड्रायव्हर चाकाच्या पत्र्यावर जिथे टेकतो तिथे घडी केलेलं फडकं किंवा लाकडाची पातळ पट्टी ठेवा. हा झाला टेकू. मूठ चाकाच्या दिशेने दाबली की टोक बाहेर येतं. टेकू मध्ये आहे, म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ.

इथे वही-पेन्सिल काढा. समजा स्क्रू ड्रायव्हर २५ सेंटिमीटर लांब आहे आणि टेकू टोकापासून १ सेंटिमीटरवर आहे. बलभुजा २४, भारभुजा १. हाताने २ किलो वजनाइतका जोर लावला, जेवढा जोर आपण दाराची कडी सरकवताना सहज लावतो, तर टोपीच्या कडेवर सुमारे ४८ किलो वजनाइतका जोर पडतो. तोही नखाएवढ्या जागेवर, पातळ पत्र्यावर! टोपीची कड वाकडी का होते याचं उत्तर या गुणाकारात आहे. 'जोर लाव, जोर लाव' असं मुलांना म्हणण्यापेक्षा आधी हा गुणाकार करायला लावा, हात आपोआप हलका होतो.

म्हणून एकाच जागी उचकायचं नाही. थोडं इथे, मग वितभर पुढे, मग आणखी पुढे. एका बटणावरून कड सुटली की बाकीची दोन फारसा हट्ट करत नाहीत. दुसरा हात टोपीवर ठेवा, नाहीतर ती टणकन उडून फरशीवर आपटते. डोळे चाकाच्या अगदी समोर नकोत.

टोपी हातात आली की आतून कागदाची चिठ्ठी चिकटवा : 'पुढचं डावं', 'मागचं उजवं'. प्रत्येक टोपी आपल्या चाकाशी जुळून बसलेली असते.

टोपीमागे आता चाकाचे नट दिसतील. खरं महत्त्व यांचं. टोपी लावलेली असली की सैल झालेला नट बाहेरून दिसत नाही, तेव्हा पान्ह्याने सगळे नट तपासून घ्या. पुढच्या चाकात मधोमध आणखी एक छोटं झाकण दिसेल. ते बेअरिंगचं ग्रीस धूळ-पाण्यापासून राखतं. त्याला हात लावू नका. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर पुढच्या डाव्या चाकाच्या या छोट्या झाकणातूनच वेगाचा काटा फिरवणारी तार चालते. ते झाकण काढलं की काटा शून्यावर! (बीटलच्या पुढल्या काळातल्या चपट्या टोप्यांना दोन बारीक भोकं असतात, त्यात तारेचा आकडा अडकवून टोपी ओढायची.)

तारांच्या आऱ्यांची चाकं असलेल्या जुन्या एमजी किंवा जॅग्वारच्या मध्यावर दोन-तीन पाकळ्यांचा जो नट दिसतो, ती मात्र टोपी नव्हे. तो चाक धरून ठेवतो. त्याच्यावर प्रयोग अजिबात नको.

साफसफाई आणि बसवणं

धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. भांड्याची तारेची घासणी वर्ज्य. क्रोमचा थर फार पातळ असतो, त्याला ओरखडे पडले की पाणी आतल्या लोखंडापर्यंत पोचायला वाट मिळते. आतली बाजू पूर्ण कोरडी करून तिला मेणाचा पातळ हात द्या.

बसवताना पुष्कळ लोक टोपीच्या मधोमध बुक्की मारतात. तसं केलं तर तिन्ही बटणांवरची कड एकदम ताणावी लागते, आणि तेवढा जोर सोसताना मधला फुगीर भागच आत जातो. जुन्या मॉरिसच्या माहितीपुस्तकातली रीत फार शहाणपणाची आहे : कड आधी दोन बटणांवर बसवा, मग तिसऱ्या बटणाच्या जागी मुठीच्या कडेने एक ठोसा. मूठ दुखत असेल तर रबरी हातोडा चालेल, लोखंडी नको. बटणं कुठे आहेत हे टोपी झाकल्यावर दिसत नाही, म्हणून तिसऱ्या बटणासमोर टायरवर आधीच खडूने खूण करून ठेवा. वर्गात खडूची काय कमतरता!

मुलांना विचारा, बटणं तीनच का? चार किंवा दोन का नाहीत? दोन असती तर टोपी त्या दोन बिंदूंमधल्या रेषेवर डुलली असती. चार असती आणि एक जरा खाली असतं, तर तेवढ्या जागी कड सैल राहिली असती. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हे मुलांनी पाहिलेलं असतं. तिथून चर्चा छान पुढे जाते.

टोपी सैल बसली तर आत डिंक किंवा कागदाचे तुकडे भरू नका. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून कड तीन-चार ठिकाणी अगदी थोडी आत घ्या, पुन्हा बसवून पाहा. तीच जागा मागेपुढे वाकवत राहिलात तर पत्रा तिथेच तडकतो. स्टेपलरची पिन चार-पाचदा वाकवून तोडायला दिली की मुलांना हे लगेच पटतं.

शेवटी बोटांनी कड ओढून पाहा. हलली नाही तर गाडी रिकाम्या रस्त्यावर एक किलोमीटर हळू चालवून आणा आणि चारही टोप्या पुन्हा एकदा हाताने चाचपा. चालताना खडखड आली असेल तर बहुधा एका बटणावर कड चढलेली नसते. खडूच्या खुणेपाशी आणखी एक ठोसा द्या.